सोन्याच्या खाणीतला जंग

दगड हातात आला की ते आधी त्याला जिभेचं टोक लावत. मग डावा डोळा मिटून तो उन्हाकडे धरत, उलटा करत, पुन्हा सुलटा करत आणि शेवटी म्हणत, "जंग हाये. पन कोनाचा?"

मालेगावच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे दृश्य माझ्या वाट्याला आलं. प्रयोगशाळेच्या दारात पन्नाशीच्या आसपासचा एक काटक माणूस हिरवट दगड चाटत उभा होता. मला वाटलं, बाहेरचा कोणी वेडसर माणूस आत शिरलाय. मी शिपायाला हाक मारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "या मॅडम. मी तुमचा लॅब असिस्टंट."

गंजाला आमच्याकडे जंग म्हणतात. ते दिवसभर जंगाबद्दल बोलत, म्हणून पोरं त्यांना जंगकाका म्हणत आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव जंगबहादूर पडलं होतं. दोन्ही नावं त्यांना माहीत होती आणि दोन्ही आवडत होती.

ते मेडशीकडच्या एका खेड्यातले. गावातली माणसं दरवर्षी कामाला बाहेर जात, तसे तेही तरुणपणी मुकादमाबरोबर निघाले आणि कर्नाटकात एका सोन्याच्या खाणीवर पोचले. खाण इंग्रजांच्या वेळची. कधीची बंद पडलेली. पण आत अजून काही शिल्लक आहे का, हे तपासायला भूगर्भाचा अभ्यास करणारे एक साहेब तिथे आले होते. त्या साहेबांची छिन्नी, हातोडा आणि कंदील धरायचं काम यांना मिळालं. चार महिन्यांसाठी गेलेला माणूस बावीस वर्षं राहिला.

"बावीस वर्षं सोन्याच्या खाणीत?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे विस्फारून विचारलं होतं. "मग सोनं किती पाहिलं असेल तुम्ही!"

"सोनं ना? पाह्यलं ना मॅडम. मालेगावच्या सराफाच्या काचंत पाह्यलं. खानीत नाही दिसलं कधी."

मग खाणीत बावीस वर्षं पाहिलं काय? तर जंग. जुने बोगदे वर्षानुवर्षं बंद राहिले की आत ओल साचते, हवा लागते आणि खडकातल्या धातूंना गंज चढतो. तो गंज लोखंडासारखा एकाच रंगाचा नसतो. तांब्याचा पोपटी आणि मोरपंखी, लोखंडाचा हळदीसारखा किंवा कुंकवासारखा, कोबाल्टचा गुलाबी. काका वर्गात सांगायचे, "आत कंदील नेला ना, तं असं वाटे का कोनी होळी खेळून भिती तशाच ठेवून देल्ल्या." पोरं आ वासून ऐकायची. माझ्या धड्यात हेच सगळं ऑक्सिडीकरण या शब्दाखाली होतं आणि तो शब्द उच्चारला की मागचे दोन बाक झोपायचे.

साहेब त्यांना शिकवत गेले. सोनं सहसा एकटं राहत नाही. त्याच्या आजूबाजूला लोखंड, तांबं, सोमल अशी मंडळी असतात. सोनं स्वतः गंजत नाही, पण शेजारी गंजतात. काका ते आपल्या भाषेत सांगत. "सोनं घरात दपून बसते. बाहेर वट्ट्यावर शेजारी बसले राह्यतात. शेजारी ओयखाले शिका, घर आपोआप सापडते."

इंग्रजी नावं त्यांनी ऐकली होती, पण ती सगळी त्यांच्या तोंडात भिजून फुगली होती. मॅलॅकाइटचं मालाकाट झालं होतं. लिमोनाइटचं लिंबूनाट. हा लिंबासारखा पिवळा, म्हणून लिंबूनाट, अशी व्युत्पत्तीही तयार होती. एकदा मी ती सुधारायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. पन पिवया हाये का नाही?"

खाण सोडून गावी आले तेव्हा बायकोसाठी एक पातळ आणि स्वतःसाठी पोतंभर दगड घेऊन आले. पातळ बायकोने ठेवलं आणि पोतं बाहेर काढलं. ते पोतं फिरत फिरत आमच्या शाळेत आलं आणि त्याच्यामागोमाग काकाही. प्रयोगशाळेच्या एका कपाटात त्यांनी दगड मांडले, पुढे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लावल्या. 'पोपटी, तांब्याचा जंग.' 'कुकवाचा, लोखंडाचा जंग.' एका फिकट हिरव्या दगडापुढे मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावाचा नाही.'

"हा काहून नाही चाटाचा, माहीत हाये?" ते दरवर्षी आठवीच्या पोरांना विचारत. "हा सोमलाचा जंग. सोमल म्हंजे जहर. याले हातोडी मारली का लसनाचा वास येते. लसनाचा वास आला म्हून भाकर घेऊन धावू नका."

मी त्यांना कितीदा सांगितलं, की कोणताच दगड चाटू नका. रंग उठून दिसायला ओला करायचा असेल तर पाण्याचा थेंब लावा. त्यावर उत्तर ठरलेलं, "खानीत पान्याची बाटली हारपते मॅडम. जीभ कदी हारपली नाही."

आता एका चोरीची गोष्ट सांगते. त्या कपाटातला सर्वांत देखणा नमुना म्हणजे एक निळा खडा. आंब्याच्या कोयीएवढा, काचेसारखा आणि असा निळा, की पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे जायचा. नवीन मुख्याध्यापक आले आणि पंधरा दिवसांत शाळेची तपासणी लागली. मुख्याध्यापकांना स्वच्छतेची भारी हौस. तपासणीच्या आदल्या दिवशी पाहते तर निळा खडा गायब! बाकी सगळे दगड चकचकीत, ओळीत मांडलेले आणि निळ्याच्या चिठ्ठीपुढे रिकामी जागा.

मुख्याध्यापकांनी शिपायाला बोलावलं. प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे असे. तो बिचारा लटपटत उभा राहिला. "सर, पोराबाळाची शप्पत. मी कायले घेऊ दगड?" मुख्याध्यापक म्हणाले, लेखी जबाब द्या. शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर असा आळ पहिल्यांदाच आला होता.

काका तडक उठले. मागच्या मोरीकडे गेले आणि एक लोखंडी घमेलं उचलून घेऊन आले. त्याच्या आतल्या बाजूला तांबूस लालसर थर चढला होता.

"दगडं कोनी धुतले?" त्यांनी विचारलं.

शिपायाने मान हलवली. मग मुख्याध्यापकच जरा ऐटीत म्हणाले, "मी. स्वतः. घमेल्यात पाणी घेतलं आणि सगळे भिजत ठेवले. फार धूळ होती हो."

"मंग चोर सापडला," काका म्हणाले. "सर, तो निया दगड म्हंजे मोरचूद होता. आपन फवारनीले पान्यात टाकतो, तोच. पान्यात साखरेवानी इरघळते. तुमी त्याचा सरबत केला. त्यातलं तांबं या घमेल्याले येऊन बसलं. हे पाहा."

मुख्याध्यापकांनी घमेल्यात पाहिलं. मग शिपायाकडे पाहिलं. मग पुन्हा घमेल्यातच पाहत राहिले, कारण तिकडे पाहणं जास्त सोपं होतं. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी, की त्यांनी सगळ्यांसमोर शिपायाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांना काकांनी रिकामी जागा दाखवून सांगितलं, "अठी मोरचूद होता. विद्यार्थ्याईले इद्राव्यता शिकवाची होती म्हून आमी तो इरघळवला." साहेबांनी शेरा लिहिला, 'कृतियुक्त अध्यापन. उत्तम.'

गंज ओळखायची त्यांची खोड शाळेबाहेरही सुटत नसे. एका लग्नात पंगत बसली होती. काका उठून थेट आचाऱ्याजवळ गेले, पितळी पातेल्यातली कढी पळीने बाजूला सारली आणि कडेचा हिरवा पट्टा बोटाने खरवडून म्हणाले, "कल्हई गेली भाऊ. हिरवं दिसलं का तांबं समजाचं. आंबट कढी याच्यात ठेवू नको, वऱ्हाड रातभर वावरात पयन." आचारी चिडला, वरबाप चिडला, पण कढी बदलली. त्या दिवशी काका जेवायला मागच्या पंगतीत बसले आणि त्यांना कोणी आग्रह केला नाही. "जहर ओयखनाऱ्याले वाढत नाही कोनी," ते हसून म्हणाले होते.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती विहिरीची.

मार्च उतरत आला होता. मेडशीच्या अलीकडे दोन सख्ख्या भावांची शेती. मध्ये धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावर दोघांनी मिळून सामाईक विहीर खोदायला घेतली होती. तीस फुटांवर काळ्या पाषाणात एक पोकळी लागली. आत हिरवी माती आणि तिच्यावर पिवळी, चमचमणारी पापडी. खोदणाऱ्यांपैकी एकाने मोबाइलवर फोटो काढला. तो मालेगावला पहिल्या एसटीच्या आधी पोचला. दुपारपर्यंत जऊळक्याच्या स्टेशनावरही माहीत झालं, की मेडशीकडे सोनं लागलं.

खोदकाम थांबलं. विहिरीवर ताडपत्री पडली. आणि आजवर एका ताटात जेवणारे भाऊ भांडायला लागले. थोरला म्हणे, पोकळी माझ्या बाजूला आहे. धाकटा म्हणे, तिचं तोंड माझ्या बाजूला आहे. शेवटी त्यांनी विहिरीच्या तोंडावर धुऱ्याच्या रेषेत दोरी ताणली. अर्धी विहीर तुझी, अर्धी माझी. खोदणारी माणसं बाभळीखाली बसून राहिली. घरातल्या बायका आधीसारख्याच अर्ध्या कोसावरून डोक्यावर पाणी आणत होत्या. आता दोन वेगळ्या घागरींनी आणि एकमेकींशी न बोलता.

चौथ्या दिवशी थोरल्याची बायको शाळेत आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. ती सरळ काकांसमोर उभी राहिली.

"तुमी सोन्याच्या खानीत होते म्हनतात. एकडाव येऊन पाहून द्या जी. सोनं असन तं असन, नसन तं नसन. मले पानी पाह्यजे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तेजाबाची बाटली घ्या. पातय केलेलं."

अशी आमची स्वारी निघाली. मी स्कूटी चालवतेय, मागे काका, आणि त्यांच्या मांडीवर भुशाने भरलेल्या डब्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. खड्डा आला की मागून सूचना येई, "मॅडम, माह्या पँटीचा इचार करा."

विहिरीवर जत्रा भरली होती. एकजण भजी तळत होता. दोरीच्या अलीकडे थोरला आणि त्याची माणसं, पलीकडे धाकटा आणि त्याची. काकांनी पापडीचा तुकडा मागवला. दोन्ही भावांनी वेगवेगळे आणले. काकांनी दोन्हींना जीभ लावली, डावा डोळा मिटला, उन्हाकडे धरलं.

"जंग हाये," ते म्हणाले. गर्दी पुढे सरकली. "पन कोनाचा? लोखंडाचा. खाली गारीवानी चमकनारा चुनखडा हाये, त्याच्यावर लोखंडाचा पिवया जंग बसला. सोनं नाही."

"हे तुमी चाटून सांगून राह्यले?" धाकटा उसळला. "सरकारनं पाठवलं असन तुमाले! उद्या तुमीच रातच्यानं पोतं घेऊन यासान!"

या एका मुद्द्यावर दोन्ही भावांचं चार दिवसांत पहिल्यांदा एकमत झालं.

काकांनी मला काचेचा पेला काढायला सांगितला. "या तेजाबात सोनं टाकलं तं काही होत नाही. हा चुना टाकला तं फसफसन."

"आन तेजाब सोन्यालेबी खात असन तं?" थोरल्याने विचारलं. "आमाले कसं समजन?"

"मंग सोबत खरं सोनं टाकून पाहा. द्या कोनी."

 भजीवाल्याचा झारा थांबला. ज्यांच्या बोटांत अंगठ्या होत्या, त्यांचे हात खिशात गेले. कोणी आभाळाकडे पाहू लागलं.

तेव्हा ती थोरल्याची बायको पुढे आली. तिने पदराआडून मंगळसूत्र काढलं, गाठ सैल केली आणि मधला मणी ओघळवून तळहातावर घेतला. "घ्या माहा मनी. माह्या लग्नातला हाये. खरा हाये."

काकांनी मणी घेतला. सवयीने डावा डोळा मिटला. मणी उन्हाकडे धरला. आणि थांबले. एक-दोन क्षणच, पण मला ते जाणवलं, कारण या माणसाला उत्तर शोधायला एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मणी मुठीत मिटला.

"नाही बाई. सौभाग्याची वस्तू तेजाबात टाकत नसतात. माह्या हातून नाही होनार." त्यांनी मणी तिला परत दिला नाही; थोरल्याकडे वळून त्याच्या हातात ठेवला. "तुमीच ओवून द्या भाऊ. नीट सांभाळा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमची आंगठी काढा."

माझी! साखरपुड्याची! मला कोणी विचारलंच नव्हतं. पण चारशे डोळे माझ्या बोटावर खिळले होते. आयुष्यभर पोरांना मी शिकवत आले, की विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा सोन्यावर परिणाम होत नाही. ते वाक्य स्वतःच्या अंगठीवर तपासणं वेगळं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याला काय सांगायचं, याची दोन उत्तरंही मी मनात तयार केली.

अंगठी पेल्यात पडली, पाठोपाठ पापडीचा तुकडा. आणि सोड्याची बाटली फोडावी तसा पेला फसफसला. पोरं ओरडली. पिवळा रंग आम्लात उतरला, तुकडा पांढरा पडला, झिजला, आणि पाहता पाहता तळाशी चिमूटभर गाळ राहिला. त्या गाळात माझी अंगठी आधीपेक्षा जास्त चमकत बसली होती.

काकांनी काडीने ती बाहेर काढली, पाण्याने धुतली आणि उंच धरली. "या विहिरीत आता एवढंच सोनं हाये. आन थे मॅडमचं हाये."

आधी भजीवाला हसला. मग सगळे. शेवटी धाकटा हसला आणि हसता हसता त्यानेच दोरी सोडली. थोरला मात्र हसला नाही. तो मूठ मिटून तसाच उभा होता. मला वाटलं, सोनं गेल्याचं दुःख असेल.

परत येताना बराच वेळ मागून काही सूचना आली नाही. दोन खड्डे तसेच गेले. मीच म्हणाले, "काका, मणी का नाही घेतला? लग्नातला खरा मणी तर होता. माझ्या अंगठीपेक्षा बरा."

"मन्याच्या भोकापाशी हिरवं होतं, मॅडम."

मी स्कूटी बाजूला घेऊन थांबवली.

"पक्कं हिरवं. आन काया दोऱ्यालेबी लागलं होतं. वरून मुलामा हाये, आत तांबं. तेजाबात टाकला असता तं थे हिरवं फसफसून तिच्यासमोर, साऱ्या गावासमोर आतलं तांबं उघडं पडलं असतं."

"म्हणजे तिला माहीत नाही?"

"तिले माहीत असतं तं तिनं देल्ला असता का? बदलला ज्यानं, त्याले माहीत हाये. मनी हातात देल्ला तवा तुमी नवऱ्याचं तोंड पाह्यलं नाही?"

मी पाहिलं नव्हतं. मी माझ्या अंगठीकडे पाहत होते.

"पण काका, तिला सांगायला नको का? तिची वस्तू आहे."

त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "मले दगड ओयखाले बलावलं होतं," ते म्हणाले. "चला आता. बाटली गरम होऊन राह्यली."

विहिरीला आठवड्याने पाणी लागलं. पुढच्या थंडीत ती बाई तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन शाळेत आली. दोन्ही जावांनी मिळून तोडलेल्या, असं तिने मुद्दाम सांगितलं. मग जरा लाजत म्हणाली, "आमच्या ह्याईनं मंगळसूत्र नव्यानं ओवून आनलं. मी काही म्हटलं नव्हतं. सोताहून. म्हने, दोरा कच्चा झाला होता." मी पदराच्या कडेशी हळूच नजर टाकली. मणी पिवळाधमक होता आणि भोकाशी हिरव्याचा मागमूस नव्हता.

ती गेल्यावर मी धावत प्रयोगशाळेत गेले. "काका, मणी बदलला!"

"असन," ते परीक्षानळ्या पुसत म्हणाले. "तिनं नवा दोरा म्हटलं ना? मंग दोराच बदलला." आणि शेंगांची पिशवी उघडून, त्यातला अर्धा वाटा शिपायासाठी बाजूला काढायला लागले.

खाणीतली धूळ त्यांच्या छातीत होती. हिवाळ्यात खोकला वाढे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो थांबला नाही. मला निरोप मिळाला तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

मी त्यांच्या घरी गेले. काकू अंगणात मिरच्या निवडत होत्या. रडणं त्यांनी आवरून ठेवलं होतं. "बसा मॅडम. दगडं न्याले आले असान तं घरात एकच हाये. बाकीचे समदे तुमच्या शाळेतच नेले त्याईनं. मले तं बरंच झालं."

त्यांनी आतून एक दगड आणून माझ्या हातात दिला. मुठीएवढा, करड्या रंगाचा आणि त्याच्या एका अंगावर एक असा रंग, जो मी कधी कुठल्याच धातूच्या गंजावर पाहिला नव्हता. जांभळाही नाही, तपकिरीही नाही. मी तो उन्हात धरला, सावलीत धरला, पुस्तकातली सगळी चित्रं आठवली. मग काकूंकडे पाहून म्हणाले, "काकू, मला नाही हो ओळखता येत."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याईलेबी नाही आला. साहेबालेबी नाही आला म्हने. म्हून तं घरी ठेवला होता. रोज सकायी चहा पेता पेता घेऊन बसत."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि आत फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, रंगाची बाजू वर करून ठेवून दिला.